वेरूळचा काळा दगड समुद्राचा तळ नव्हे

जुन्या हैदराबाद संस्थानाच्या एका टोकाला वेरूळ आणि दौलताबाद, तर दुसरीकडे गोवळकोंडा. पहिल्या दोन ठिकाणी काळा बेसाल्ट, गोवळकोंड्याला करडा-गुलाबी ग्रॅनाइट. भूकवचाचे दोन प्रकार ओळखायलाही हेच दोन दगड सांगतात: सागरी कवच बेसाल्टचं, खंडीय कवच मुख्यतः ग्रॅनाइटच्या जातीचं. त्यावरून ‘वेरूळचा डोंगर म्हणजे एके काळचा समुद्राचा तळ’ असा निष्कर्ष कुणी काढला, तर तो चुकेल.

आधी फरक पाहू. सागरी कवच जेमतेम ६-७ किलोमीटर जाड. खंडीय कवच सरासरी ३५ ते ४०, हिमालयाखाली ७० च्या आसपास. बेसाल्टमध्ये लोह आणि मॅग्नेशियम जास्त, म्हणून सागरी कवच पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड. खंडीय कवच साधारण २.७ पट. दोन्ही खालच्या प्रावरणावर तरंगल्यासारखी असतात. जाड आणि हलकं कवच उंच राहतं, पातळ आणि जड कवच खाली बसतं. त्या खोलगटातच महासागर साचले आहेत.

वयातही मोठं अंतर आहे. अरबी समुद्रातल्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेत लाव्हा वर येऊन आजही नवा तळ घडतो आहे. इतरत्र जुना तळ खोल खंदकांपाशी प्रावरणात परत जातो. त्यामुळे महासागरांचा तळ बहुतेक ठिकाणी २० कोटी वर्षांच्या आतलाच. खंडीय कवच हलकं असल्यामुळे सहसा असं बुडत नाही, म्हणून टिकतं. गोवळकोंड्याचा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा आहे.

मग वेरूळचं काय? तिथला बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या लाव्ह्याचा आहे. दख्खनच्या अशा थरांमध्ये काही ठिकाणी गोड्या पाण्यातल्या शंख-शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल भोक घेतलं, तेव्हा सुमारे ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला. त्याखाली गाळाचा पातळ थर, आणि मग ग्रॅनाइटच्या भाऊबंदांपैकी जुना खंडीय खडक लागला. म्हणजे दगड सागरी कवचाच्या जातीचा, पण कवच खंडीयच. बेसाल्ट हे नुसतं वरचं पांघरूण.

हैदराबादेत बांधकामांसाठी ग्रॅनाइटचे धोंडे फुटताना दिसतात, तेव्हा हे आठवावं. मराठवाड्यात जो पाया पाहायला शेकडो मीटर खाली जावं लागतं, तो इथे उघड्यावर आहे.