फौजेत भरती आणि शिक्षणाचं कर्ज

अमेरिकेत कॉलेजचं कर्ज डोक्यावर घेऊन सैन्यात जाणाऱ्या तरुणांसाठी लष्कराची कर्जफेड योजना आहे. पूर्णवेळ शिपाई म्हणून भरती होणाऱ्याचं कमाल ६५,००० डॉलरपर्यंतचं कर्ज लष्कर फेडतं.

पैसे एकरकमी मिळत नाहीत. सेवेचं एकेक वर्ष पुरं झालं, की शिल्लक मुद्दलाचा तिसरा हिस्सा किंवा १,५०० डॉलर, यांतली मोठी रक्कम कर्ज देणाऱ्या संस्थेकडे जाते. मुद्दल ३०,००० डॉलर असेल, तर पहिल्या वर्षाअखेरीस १०,००० डॉलर. मात्र त्यातून कर कापला जातो. व्याजाचा भार कर्जदारावरच राहतो. खासगी बँकांची कर्जं सहसा बसत नाहीत आणि हप्ते बुडालेलं कर्जही चालत नाही.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, ही सवलत भरतीच्या करारात लेखी नमूद हवी. भरती अधिकाऱ्याचा तोंडी शब्द पुरेसा नाही. शिवाय माँटगोमेरी जीआय बिल या शिक्षणलाभावर पाणी सोडावं लागतं. पुढे आणखी शिकायचं असेल, तर सही करण्यापूर्वी दोन्हींचा हिशेब मांडून पाहाच. सही झाल्यावर अट बदलून घेणं फार अवघड जातं.