‘ब्लीक हाउस’ : हप्त्यांची कादंबरी, चेहऱ्यांची मालिका

चार्ल्स डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ या कादंबरीवर बीबीसीने १९५९, १९८५ आणि २००५ अशा तीन वेळा मालिका केल्या. एकच कादंबरी, एकच संस्था आणि तीन वेगवेगळे काळ. कादंबरी पडद्यावर आणताना काय टिकते, काय गळते आणि काय नव्याने येते, हे तपासायला याहून चांगली सामग्री मिळणे कठीण.

मी इंग्रजी साहित्याची पदवीधर नाही. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. वाचन आणि टिपणे हा नोकरी सांभाळून जोपासलेला नाद. डिकन्सच्या या जाडजूड कादंबरीकडे मी २००५च्या मालिकेच्या दाराने आले. त्यामुळे ‘मूळ पुस्तक वाचा, मालिका काय बघायच्या’ हा सल्ला मला पुष्कळदा ऐकावा लागला. या सल्ल्यामागे एक समजूत असते : कादंबरी म्हणजे दूध आणि मालिका म्हणजे त्यात पाणी घालून केलेला चहा. ही समजूत ‘ब्लीक हाउस’पुरती तरी तपासून पाहावी, म्हणून मी कादंबरीचे मूळ हप्ते आणि मालिकेचे भाग शेजारी ठेवून टिपणे काढली. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडते.

कज्जा आणि गुपित

कथानक थोडक्यात सांगते. लंडनच्या चॅन्सरी न्यायालयात ‘जार्नडाइस विरुद्ध जार्नडाइस’ हा मृत्युपत्राचा दावा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. दाव्यात नाव असलेली एडा आणि रिचर्ड ही तरुण मुले, तसेच एस्थर समरसन ही अनाथ मुलगी, जॉन जार्नडाइस या सज्जन गृहस्थाच्या आश्रयाला येतात. त्याच्या घराचे नाव ब्लीक हाउस. दुसरीकडे सरदार घराण्यातली लेडी डेडलॉक एक जुने गुपित उरात दडवून जगते आहे आणि घराण्याचा वकील टल्किंगहॉर्न त्या गुपिताच्या मागावर आहे. एस्थर ही तिचीच लग्नापूर्वीची मुलगी. दावा संपतो तेव्हा सगळी इस्टेट खर्चातच संपलेली असते.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपण म्हणतो. डिकन्सने ती पायरी स्वतः चढून पाहिली होती. तरुणपणी त्याने वकिलाच्या कचेरीत कारकुनी केली होती. पुढे १८४४ साली ‘ए ख्रिसमस कॅरल’ची चोरटी आवृत्ती काढणाऱ्यांविरुद्ध तो चॅन्सरीत गेला, जिंकला, पण प्रतिवादींनी दिवाळे काढल्यामुळे खर्च त्याच्याच माथी बसला. कादंबरीतला संताप ऐकीव नाही, तो असा खिशातून आलेला आहे.

एक शिलिंग आणि महिनाभर वाट

‘ब्लीक हाउस’ मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ या काळात मासिक हप्त्यांत प्रसिद्ध झाली. प्रत्येक हप्ता ३२ पानांचा, सोबत हॅब्लॉट ब्राउन ऊर्फ ‘फिझ’ याची दोन चित्रे, किंमत एक शिलिंग. शेवटचा अंक जोडअंक होता, म्हणून २० हप्ते १९ अंकांत आले. डिकन्स प्रत्येक हप्त्यासाठी एका कागदावर आराखडा करी : डाव्या बाजूला सुचलेल्या कल्पना आणि स्वतःलाच विचारलेले प्रश्न, उजव्या बाजूला प्रकरणे. हे कागद लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवले आहेत. आज मालिकेचे लेखक भागवार आराखडा करतात, त्याचे हे पूर्वरूपच म्हणावे लागेल.

हप्ते कुठे थांबतात ते पाहिले की लेखकाची कारागिरी उलगडते. नववा हप्ता संपतो तेव्हा आपले मूल जिवंत आहे हे लेडी डेडलॉकला कळलेले असते आणि वाचक तिचा आक्रोश ऐकत महिनाभर थांबतो. दहाव्याच्या शेवटी क्रुक हा भंगार-कागदांचा दुकानदार आपोआप पेट घेऊन राख होतो. ‘असे कधी घडते का?’ म्हणून त्या काळी वाद झाला, तेव्हा डिकन्सने प्रस्तावनेत अशा सुमारे ३० नोंदींचा हवाला दिला. विज्ञान त्याच्या बाजूने नव्हते. पुढच्या हप्त्याची ओढ मात्र नक्कीच होती.

मराठी वाचकाला ही रीत परकी नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ‘करमणूक’ पत्रातून अशीच क्रमशः आली. यमूचे पुढे काय होणार, याची वाट त्या काळच्या वाचकांनीही पाहिली.

अर्ध्या तासाचे गणित

१९५९ साली कॉन्स्टन्स कॉक्स यांनी ही कादंबरी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ११ भागांत बसवली. १९८५ साली आर्थर हॉपक्राफ्ट यांनी आठ भाग लिहिले. ती मालिका संथ, काळोखी, धुक्याने भरलेली आहे. एकेका दृश्याला ती चित्रासारखा वेळ देते.

२००५ साली लेखक अँड्र्यू डेव्हिस, निर्माते नायजेल स्टॅफर्ड-क्लार्क आणि दिग्दर्शक जस्टिन चॅडविक व सुझॅना व्हाइट यांनी वेगळाच मार्ग धरला. पहिला भाग एक तासाचा, पुढचे १४ भाग अर्ध्या तासाचे. म्हणजे एकूण आठ तास. २७ ऑक्टोबर २००५ पासून बीबीसी वनवर दर गुरुवारी आणि शुक्रवारी ‘ईस्टएंडर्स’ संपले की ही मालिका लागे. ‘ईस्टएंडर्स’ ही १९८५ पासून चालू असलेली, लंडनच्या कामकरी वस्तीतली लोकप्रिय घरगुती मालिका. ती पाहणाऱ्या माणसाने उठू नये, बसल्या जागी डिकन्स पाहावा, असा हा हिशेब होता.

या निर्णयावर नाक मुरडणारे होतेच. अभिजात कादंबरी आणि रोजच्या मालिकेची चाल? पण डिकन्सच्या शिलिंगवाल्या हप्त्याचा वाचक तरी कोण होता? ज्याला बांधीव पुस्तक परवडत नव्हते असा कितीतरी वर्ग त्यात होता. मला वाटते, २००५च्या मालिकेने कादंबरीचे मूळ वेळापत्रक तिला परत मिळवून दिले. जाड पुस्तकाच्या रूपात आपण विसरतो ती वाट पाहण्याची सवय प्रेक्षकाला पुन्हा लागली. फरक एवढाच की डिकन्स पुढचे लिहीत होता तेव्हा मागचे छापून झालेले असे. डेव्हिस यांच्या हाती शेवट आधीपासून होता.

या घाईला किंमतही मोजावी लागली. दोन दृश्यांच्या मध्ये एखादी इमारत सपकन आवाज करत झपाझप जवळ येते, ही क्लृप्ती काही प्रेक्षकांना आजही खटकते. पात्रेही गळाली. सार्जंट जॉर्जच्या फौजी मित्राचे बॅग्नेट कुटुंब नाही. उलट एक पात्र नवे आले : टल्किंगहॉर्नचा कारकून क्लॅम्ब. कादंबरीतला टल्किंगहॉर्न मनातले कोणालाच सांगत नाही आणि लेखक ते आपल्याला परस्पर सुचवू शकतो. पडद्यावर मुक्या माणसाला बोलते करायचे तर समोर ऐकणारा हवा. म्हणून हा क्लॅम्ब. माध्यम बदलले की काय बदलावे लागते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते.

पात्रयोजना हेच भाष्य

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येते. माझ्या मते मालिकेतला खरा टीकाकार म्हणजे कलाकारांची निवड करणारा माणूस. समीक्षक एखाद्या पात्राविषयी दहा पाने लिहील. तो एक चेहरा निवडून मोकळा होतो.

टल्किंगहॉर्न घ्या. कादंबरीत तो जुनाट, काळ्या कपड्यांतला, चमक नसलेला म्हातारा आहे. सहज नजरेआड होईल असा. १९८५ साली पीटर व्हॉन यांनी तो जड अंगाचा, दाबून टाकणारा केला. २००५ साली चार्ल्स डान्स आले : उंच, ताठ, थंड डोळ्यांचे. पॉल स्कॉटच्या भारतावरील कादंबऱ्यांवर आधारलेल्या ‘द ज्युवेल इन द क्राउन’ या १९८४च्या मालिकेत त्यांनी गाय पेरन हा समंजस इंग्रज रंगवला होता. तोच माणूस येथे शिकारी होतो. मूळ वर्णनाशी हे जुळत नाही, पण त्यातून एक अर्थ निघतो : डान्स यांचा टल्किंगहॉर्न मालकाची इज्जत राखण्यासाठी हे करत नाही, त्याला सत्तेची चव लागलेली आहे. कादंबरीत ही शक्यता आहेच. मालिकेने ती ठळक केली आणि बाकीच्या पुसल्या.

लेडी डेडलॉकच्या भूमिकेत १९८५ साली डायना रिग होत्या आणि २००५ साली जिलियन अँडरसन. अँडरसन जगाला माहीत होत्या त्या ‘द एक्स-फाइल्स’मधल्या स्कली म्हणून. त्यांनी या भूमिकेत फारसे काही केलेच नाही, आणि तेच बरोबर ठरले. कादंबरीतला निवेदकही या बाईच्या मनात शिरत नाही; तिला सगळ्याचा कंटाळा आला आहे एवढेच सांगतो. मग एका कागदावरचे हस्ताक्षर ओळखून ती अभावितपणे एक प्रश्न विचारते आणि सगळे कथानक हलते. चेहरा इतका निश्चल असेल तरच पापणीची हालचालही प्रेक्षकाला घटना वाटते.

दुय्यम पात्रांची गोष्ट निराळी. जॉनी व्हेगास (क्रुक) आणि कॅथरीन टेट (मिसेस चॅडबँड) हे विनोदी कलाकार, अ‍ॅलिस्टर मॅकगोवन (केंज) नकलाकार, मॅथ्यू केली (थोरला टर्व्हीड्रॉप) दूरदर्शनवरचा सूत्रसंचालक. केवळ नावाजलेले चेहरे गोळा केले, अशी तक्रार यावर करता येईल. पण डिकन्स काय करत होता ते पाहा. महिन्या-महिन्याच्या अंतराने डझनावारी पात्रे येणार. वाचकाने ती ओळखायची कशी? म्हणून त्याने प्रत्येकाला एक लकब दिली. खुर्चीत घसरणारा स्मॉलवीड दर वेळी नातीला आपल्याला हलवून सरळ करायला सांगतो. वाचक त्या लकबीवरून माणूस ओळखतो. मालिकेत हेच काम ओळखीचा चेहरा करतो. फिल डेव्हिस यांच्या स्मॉलवीडमध्ये तर लकब आणि चेहरा दोन्ही एकत्र आले आहेत.

चेहऱ्याची सत्ता किती मोठी असते ते आपल्यालाही ठाऊक आहे. रणजित देसाईंची ‘स्वामी’ दूरदर्शनवर आली आणि एका पिढीसाठी माधवराव पेशवे म्हणजे रवींद्र मंकणी आणि रमाबाई म्हणजे मृणाल देव, हे समीकरण कायमचे झाले. नंतर कादंबरी उघडली तरी तेच चेहरे डोळ्यांसमोर येतात. हा लाभ की तोटा, हे ज्याने त्याने ठरवावे.

एस्थरचा आवाज

एक गोष्ट मात्र कोणत्याही चेहऱ्याने भरून निघत नाही. ‘ब्लीक हाउस’ला दोन निवेदक आहेत. ६७ प्रकरणांपैकी ३४ एका अनाम निवेदकाची : वर्तमानकाळात, उपरोधाने, सगळे लंडन वरून पाहणारी. उरलेली ३३ एस्थरची : भूतकाळात, ‘मी’च्या तोंडून. पुरुष लेखकाने स्त्रीच्या तोंडून आत्मकथन लिहिण्याचा हा प्रयोग. हरिभाऊंची यमू येथे पुन्हा आठवते. एस्थर स्वतःला सतत कमी लेखते, स्वतःच्या रूपाविषयी बोलायचे टाळते, कौतुक झाले तर संकोचाने सांगते. आजारानंतर तिचा चेहरा व्रणांनी बदलतो, तेव्हाही आपल्याला तो तिच्या मोजक्या शब्दांतूनच कळतो.

कॅमेऱ्याला हे मौन पाळता येत नाही. चेहरा दाखवावाच लागतो, व्रणही दाखवावे लागतात. आणखी एक पेच आहे. गपी हा कारकून लेडी डेडलॉकचे तैलचित्र पाहून चकित होतो, कारण तो चेहरा त्याने कुठेतरी पाहिलेला असतो. पुस्तकात आपण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. मालिकेत आपण लगेच अँडरसन आणि एस्थर झालेल्या अ‍ॅना मॅक्सवेल मार्टिन यांचे चेहरे ताडून पाहतो, आणि फारसे साम्य सापडत नाही. दिग्दर्शकाला नाकीडोळी साम्य साधता आले नसेल, पण दोघींच्या आवरून धरण्यात साम्य आहे. आई अभिमानाने स्वतःला आवरते, मुलगी नम्रतेने. मॅक्सवेल मार्टिन यांनी एस्थरची नम्रता गोडगोड होऊ दिली नाही. या भूमिकेसाठी त्यांना २००६ साली बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि मालिकेलाही बाफ्टा मिळाला.

एस्थरच्या आवाजाची जागा अशी थोडीफार भरली गेली. दुसरा निवेदक मात्र पूर्णपणे गेला. रस्ता झाडणारा अनाथ जो मरतो तेव्हा कादंबरीतला निवेदक राज्यकर्त्यांपासून धर्मगुरूंपर्यंत सगळ्यांना उद्देशून बोलतो आणि वाचकालाही सोडत नाही. मालिकेत त्या प्रसंगी आपल्या डोळ्यांत पाणी येते, पण आपल्यावर बोट रोखले जात नाही. आठ तासांतली ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते.

दाराचा उंबरा

मग पाणी घातल्याच्या समजुतीचे काय? टिपणांवरून मी पुढील निष्कर्षाला आले. वाट पाहण्याचा आनंद मालिकेने परत दिला. पात्रे ओळखण्याची सोय कलाकारांनी केली. बोलणारा लेखक मात्र पुस्तकातच राहिला आणि त्याच्यासाठी पुस्तकाकडे जावे लागते. पण जाणाऱ्याला आता टल्किंगहॉर्न कोण, स्मॉलवीड कोण, हे माहीत असते. पहिल्याच पानावरच्या धुक्यात त्याची वाट चुकत नाही.

हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे मोठ्या पुस्तकांच्या दारात पहारेकरी फार. इंग्रजी माध्यम नाही, पदवी नाही, संदर्भ माहीत नाहीत, म्हणून पुष्कळ चांगले वाचक उंबऱ्यावरूनच परत फिरतात. एक शिलिंगचा हप्ता हे डिकन्सने उघडलेले दार होते. अर्ध्या तासाचा भाग हे त्याच घराचे दुसरे दार आहे. कोणत्या दाराने आत आलात हे घरात गेल्यावर कोणी विचारत नाही. आत किती वेळ थांबलात, एवढाच प्रश्न उरतो. या दिवाळीत कोणाला ‘ब्लीक हाउस’ची मालिका पाहायला मिळाली तर जरूर पाहावी आणि शेवटचा भाग संपल्यावर पुस्तकाचे तिसरे प्रकरण उघडावे. तेथे एस्थर पहिल्यांदा बोलू लागते.