सैल हाताचा टोला

धुळ्यात पांझरेच्या काठी आमचे विटी-दांडूचे राज्य होते. विटी कोलण्यात मी पटाईत. टोला मात्र हमखास हुकायचा. गल्लीतला थोरला दादा म्हणायचा, "हात ढिला ठेव रे भो, विटी काय तुझी वैरी आहे?"

पन्नासेक वर्षांनी तेच वाक्य पुण्यात ऐकले. जळगावहून मुलाकडे गेलो होतो. त्याने चांगली नोकरी सोडल्यापासून आमचे बोलणे कामापुरतेच. एका रविवारी तो म्हणाला, "बाबा, चला, गोल्फ खेळू." पुण्याचा उदयन माने 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फ खेळला, हे मी वाचले होते. पण नाशिकच्या 'गोल्फ क्लब' मैदानाशी माझा संबंध रणजीच्या क्रिकेटपुरताच!

चेंडू जेमतेम 46 ग्रॅमचा. मी सगळा जोर लावला. गवत उडाले, चेंडू जागेवरच. 1971 मध्ये चंद्रावर अ‍ॅलन शेपर्डनेही पहिल्या फटक्याला धूळच उडवली होती, एवढाच दिलासा.

मग मुलगा शिकवू लागला. काठी आवळून धरली की मनगट नि खांदे ताठरतात, वेग मरतो. काठी मागे नेताना खांद्यांबरोबर कंबर वळवायची, भार उजव्या पायावर. खाली येताना आधी भार डाव्या पायावर, मग कंबर, हात सर्वांत शेवटी. शेतात गोफण फिरवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. चेंडू उचलायलाही जायचे नाही. काठीच्या पात्याला तिरपा उतार असतो, तोच चेंडू वर नेतो. आणि चेंडू कुठे गेला हे पाहायला मान लगेच वर करायची नाही.

"बाबा, हात सैल ठेवा," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, तरी मला लागला. बँकेत जन्मभर इतरांचे हिशेब सांभाळले. घरी पोराच्या आयुष्याची खातेवही मात्र मीच मुठीत आवळून बसलो होतो.

विसाव्या फटक्याला 'टक्' असा स्वच्छ आवाज आला. चेंडू चांगला शंभर पावलांवर पडला.

"कुठे शिकलात?" त्याने हसून विचारले.

"पांझरेवर," मी म्हणालो.

परतताना तो आपल्या नव्या कामाविषयी बोलत होता. मी एकदाही मध्ये बोललो नाही. चेंडू कुठे जाऊन पडेल, हे पाहायची घाई आता मला नव्हती.