भांडण देवाचं की घराचं?

उत्तर आयर्लंडचं नाव निघालं की कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट हे ठरलेलंच. जणू ही मंडळी बायबलच्या अर्थावरूनच एकमेकांच्या जिवावर उठली होती! पण मुळात जाऊन पाहिलं तर वेगळंच दिसतं.

१९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. उत्तरेत प्रोटेस्टंट बहुसंख्य. त्यांना ब्रिटनमध्येच राहायचं होतं. बहुतेक कॅथलिकांना मात्र अखंड आयर्लंड हवं होतं. खरी गोम पुढे आहे. १९६० च्या दशकातही तिथे स्थानिक निवडणुकीत मत मुख्यतः ज्याच्या नावावर घर त्याला आणि त्याच्या जोडीदाराला. आईबापांकडे राहणाऱ्या तरुणांना मतच नाही. आणि सरकारी घरं वाटणार कोण, तर तेच स्थानिक कौन्सिल! म्हणजे कॅथलिकाला घर दिलं की विरोधकांची दोन मतं वाढली. (रूम अलॉटमेंटचं राजकारण हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको.)

जून १९६८ मध्ये कॅलेडन गावात मुलाबाळांची कॅथलिक कुटुंबं ताटकळत असताना एक घर १९ वर्षांच्या अविवाहित प्रोटेस्टंट मुलीला मिळालं. ऑस्टिन करी या आमदारानं त्या घरातच ठिय्या दिला. मग मोर्चे निघाले, पुढे बंदुका आल्या, आणि ३,५०० च्या आसपास माणसं मेली.

१९९८ च्या गुड फ्रायडे करारात वाटाघाटी झाल्या त्या सत्तेची वाटणी, पोलीस, कैदी आणि शस्त्रं यांवर. बायबलचा अर्थ कोणीच विचारला नाही.