कुंचल्याने रंगविलेले रणगाडे

इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स याने १९०३ साली ‘स्ट्रँड’ मासिकात लिहिलेल्या एका कथेत खंदकांवरून सरपटत जाणाऱ्या अवाढव्य चिलखती गाड्यांची कल्पना केली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९१३ मध्ये, त्याच लेखकाने ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहून शिशाचे शिपाई आणि स्प्रिंगच्या तोफा घेऊन घरातल्या जमिनीवर लढाई कशी खेळावी याचे रीतसर नियम घालून दिले. आणि पुढे तीनच वर्षांनी, १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समध्ये सोमच्या रणक्षेत्रावर खरेखुरे रणगाडे प्रथम चालून गेले. वेल्सच्या खेळात रणगाडा नव्हता, कारण तो अद्याप जन्माला यावयाचा होता. आज मात्र या खेळाच्या वंशजांत रणगाड्यावाचून पान हलत नाही, आणि त्या चिमुकल्या रणगाड्यांना रंग देणे हाच अनेकांच्या लेखी खेळाहून मोठा उद्योग होऊन बसला आहे.

न्यूझीलंडमधील बॅटलफ्रंट कंपनीने २००२ साली आणलेल्या ‘फ्लेम्स ऑफ वॉर’ या खेळातील गाडी मूळ गाडीच्या शंभराव्या हिश्शाची असते. ब्रिटनमधील ‘बोल्ट अ‍ॅक्शन’ खेळणारे छप्पन्नाव्या हिश्शाची गाडी घेतात. तर जपानच्या शिझुओका शहरातील तामिया कंपनीने रूढ केलेले एकास पस्तीस हे प्रमाण मुख्यतः काचेच्या कपाटात प्रतिकृती मांडणाऱ्यांचे. जर्मनांचा पँथर रणगाडा तोफेसह सुमारे ८.६६ मीटर लांब. तो पहिल्या मापात साडेआठ सेंटिमीटरहून किंचित अधिक भरतो आणि शेवटच्या मापात सुमारे पंचवीस. परंतु खरा फरक लांबीचा नसून संख्येचा आहे. कपाटवाल्याला एकच गाडी महिनोन्महिने पुरते. खेळाडूला मात्र जर्मन किंवा अमेरिकन प्लाटूनच्या शिरस्त्याप्रमाणे पाचपाच गाड्यांचा जथा लागतो, त्याच्या जोडीला चिलखती मोटारी आणि तोफा लागतात, आणि हा सारा सरंजाम पुढच्या खेळापूर्वी, म्हणजे बहुधा येत्या रविवारपर्यंत, तयार व्हावा अशी त्याची इच्छा असते.

अशा वेळी जाणकार मंडळी एअरब्रशची शिफारस करतात. लेखणीएवढ्या या यंत्रातून दाबाखालच्या हवेबरोबर रंगाचे सूक्ष्म तुषार बाहेर पडतात आणि त्यांचा थर इतका तलम व एकसारखा बसतो की त्याची बरोबरी कुंचल्याने करता येत नाही, हे निर्विवाद आहे. परंतु त्या लेखणीमागे हवेचा पंप, नळ्या, दाबमापक, धुके बाहेर ओढून नेणारा पंखा, मुखपट्टी आणि रंग दुधाइतका पातळ करण्याचा अभ्यास एवढा लवाजमा उभा असतो. आणि प्रत्येक रंगानंतर सुई काढून पुसावी लागते, नाही तर पुढचा रंग नळीतच सुकतो. ज्याला वर्षाकाठी दहाबारा गाड्याच रंगवावयाच्या आहेत त्याचा वाचलेला वेळ या धुण्यापुसण्यातच खर्ची पडतो, असा माझा हिशेब आहे.

शिवाय खरे रणगाडे तरी कोणत्या तलमतेने रंगविले गेले होते? पहिल्या ब्रिटिश रणगाड्यांना शत्रूच्या नजरेपासून लपविणारी रंगसंगती देण्याचे काम ज्याच्याकडे आले तो सॉलोमन जोसेफ सॉलोमन हा रॉयल अकॅडमीचा सदस्य आणि व्यक्तिचित्रांबद्दल नावाजलेला चित्रकार होता. त्याने गुलाबी, हिरव्या आणि तपकिरी छटांची चित्रमय योजना केली खरी, परंतु रणक्षेत्रावरील चिखलाने तिचा असा काही फडशा पाडला की पुढे गाड्यांना सरसकट एकच तपकिरी रंग देणे पत्करले गेले. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४३ मध्ये, जर्मन सेनेत हुकूम सुटला की तोवरचा गडद करडा रंग बंद करून गाड्या गडद पिवळ्या रंगात कारखान्याबाहेर पडाव्यात आणि त्यांवरचे हिरवे व तांबूस तपकिरी पट्टे ज्या त्या तुकडीने आपापल्या मुलखाप्रमाणे ओढावेत. त्यासाठी रंगाचा घट्ट लगदा डब्यांतून पुरविला जाई. तो पेट्रोलमध्ये किंवा पाण्यात कालवावयाचा आणि फवारणीचे यंत्र असेल तर त्याने, नसेल तर कुंचल्याने किंवा चक्क झाडूने गाडीवर फासावयाचा. कालवताना पातळपणा कमीजास्त झाला की छटा बदले. रशियन हिवाळ्यात दोन्ही पक्षांचे शिपाई गाड्यांना पांढरी सफेदी देत, आणि ती पावसापाण्याने ओघळून, घासून, जागोजाग उडून जाई. कुंचल्याच्या फटकाऱ्यांनी रंगविलेल्या प्रतिकृतीला ओशाळण्याचे कारण नाही ते यामुळे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. गाडी जोडून झाली की ती साबणाच्या कोमट पाण्यात धुवावी, कारण साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकट अंश तिच्यावर, विशेषतः रेझिनच्या भागांवर, राहिलेला असतो आणि तेथे रंग धरत नाही. नंतर अस्तराचा, म्हणजे प्रायमरचा, हात द्यावा. यासाठी स्प्रेचा डबा अवश्य वापरावा, आणि शक्य असल्यास गाडीच्या मूळ रंगाचाच घ्यावा: अमेरिकन शेरमनसाठी ऑलिव्ह ड्रॅब, उत्तरकालीन जर्मन गाडीसाठी पिवळा. अस्तर आणि मुख्य रंग एकाच फवाऱ्यात उरकले की निम्मे काम झालेच म्हणून समजा. डबा चांगला मिनिटभर हलवून, वीस-पंचवीस सेंटिमीटर अंतरावरून, गाडीच्या अलीकडे फवारा सुरू करून पलीकडे संपवावा. गाडीवरच सुरू करून गाडीवरच थांबविला तर तेथे रंगाचे थेंब साचतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळावे, कारण दमट हवेत सुकणाऱ्या रंगावर पांढुरकी झाक चढते. मूळ रंग पुस्तकातल्यापेक्षा किंचित फिका घेतलेला बरा. लहान वस्तूवर गडद रंग आहे त्याहून अधिक गडद दिसतो.

यापुढची पायरी ही या साऱ्या विद्येचा गाभा असून तिला छांदिष्ट मंडळी ड्रायब्रश म्हणतात. मऊ, गोल, दाट केसांचा कुंचला (चेहऱ्याला पावडर लावण्याचा स्वस्त ब्रश सर्वांत उत्तम) मूळ रंगात थोडा पांढरा किंवा पिवळट रंग मिसळून त्यात टोकापुरता बुडवावा, आणि मग तो कागदावर इतका पुसावा की कागदावर काही उमटेनासे व्हावे. हा जवळजवळ कोरडा कुंचला गाडीवरून हलक्या हाताने इकडून तिकडे फिरवू लागले की पहिल्या पाचसहा फटकाऱ्यांत काहीच घडत नाही. सपाट पत्रा तसाच राहतो. आणि मग हळूहळू बुरुजाची कड, झाकणाची बिजागरी, इंजिनाच्या जाळीची एकेक पट्टी, रिव्हेटचे एकेक डोके उजळून वर येऊ लागते, जणू कोणी बारीक कुंचल्याने तासन्‌तास बसून ते रेखाटले असावे. हाताला कौशल्य लागत नाही. लागतो तो संयम, आणि तोही रंग पुसण्यापुरता. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून १९४३-४४ मध्ये जर्मन गाड्यांवर झिमेरिट नावाचा खरबरीत लेप थापत असत. त्याच्या बारीक वळ्या बारीक कुंचल्याने एकेक करून रंगविणे ही शिक्षा आहे, आणि ड्रायब्रशला मात्र ते दोन मिनिटांचे काम.

जे उंचवट्यांना ड्रायब्रश करतो ते खोलगट जागांना वॉश करतो. गडद तपकिरी तैलरंग टर्पेंटाईनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करावा आणि त्याचा थेंब रिव्हेटच्या बुडाशी नुसता टेकवावा. तो आपोआप धावत जाऊन रिव्हेटभोवती कडे करतो आणि पत्र्यांच्या सांध्यातून वाट काढीत पुढे सरकतो. जेथे जास्त झाला तेथे टर्पेंटाईनने ओला केलेला स्वच्छ कुंचला वरून खाली ओढला की डागाचा ओघळ होतो, आणि ओघळ तर खऱ्या गाडीवरही असतातच. खालचा रंग पाण्याचा, म्हणजे ॲक्रिलिक, असेल आणि पूर्ण सुकला असेल तर टर्पेंटाईन त्याला सहसा धक्का लावत नाही. तरीही मध्ये चकचकीत व्हार्निशचा एक हात असला तर थेंब अधिक मोकळेपणाने धावतो. खिडकी उघडी ठेवावी आणि जवळपास विस्तव नसावा, हे सांगावयास नकोच. ज्यांना तेवढाही खटाटोप नको त्यांच्यासाठी तयार ॲक्रिलिक वॉशच्या बाटल्या मिळतात. त्या अर्ध्या तासात सुकतात, पण सपाट पत्र्यावर डबकी करून मोठे डाग सोडतात.

जर्मन पट्टे ड्रायब्रशच्या आधी काढावेत, पातळ रंगाचे दोन हात देऊन, कडा जाणूनबुजून वेड्यावाकड्या ठेवून. त्या कडा मऊ हव्या असतील तर फोमचा तुकडा रंगात बुडवून, पुसून, काठावर हलकेच टिपावा. हाच फोम गडद तपकिरी रंगात बुडवून झाकणांच्या आणि पायऱ्यांच्या कडांना टिपला की उडालेल्या रंगाचे टवके मिळतात. नवशिक्यांचा हात नेमका येथे सुटतो आणि गाडी भंगारात पडल्यासारखी दिसू लागते. लढणाऱ्या रणगाड्याचे आयुष्य बहुधा इतके अल्प असे की गंज चढावयास त्याला सवडच नसे. धूळ आणि चिखल मात्र पहिल्याच दिवशी चढे.

चाकांच्या रबरी धावा करड्या रंगाने रंगविणे हेच एक काम खरोखर कंटाळवाणे आहे आणि त्याला आडवाट नाही. फक्त चाकांवरच्या साखळीपट्ट्यांनी व चिखलाने झाकल्या जाणाऱ्या धावांची उठाठेव करू नये. साखळीपट्टे गडद तपकिरी करून त्यांच्या उंच दातांवर मऊ शिसपेन्सिल घासली की झिजलेल्या पोलादाची चकाकी आपोआप येते. क्रमांक आणि चिन्हे यांचे पाण्याने सुटणारे छाप व्हार्निशच्या चकचकीत थरावर बसवावेत. सर्वांत शेवटी चित्रकलेच्या दुकानातील तपकिरी व पिवळट सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या घासून त्यांची भुकटी चाकांवर आणि गाडीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शावर कोरड्या कुंचल्याने लावावी, आणि मॅट व्हार्निशचा हलका फवारा देऊन चकाकी मारून टाकावी. एकेक गाडी पुरी करण्यापेक्षा पाचही गाड्या रांगेत ठेवून प्रत्येकीवर तीच क्रिया करीत जावे. पाचवीचा हात पुरा होईतो पहिली सुकलेली असते.

महाराष्ट्रातील वाचकांना एक सोय मोठी आहे. अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, येथे १९९४ साली स्थापन झालेल्या रणगाडा संग्रहालयात व्हॅलेंटाईन, मटिल्डा, चर्चिल, सेंच्युरियन, विजयंता असे अनेक जातींचे रणगाडे आणि पॅटनही पाहावयास मिळतो. तेथल्या रंगावर मात्र विसंबू नये, तो जतनासाठी दिलेला असतो. पाहावयाचे ते रिव्हेट कोठे आहेत, सांधे कोठे जुळतात, चढताना शिपायाचा बूट कोठे पडत असेल, हे.

कुंचल्याच्या या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. पस्तिसाव्या हिश्शाची, कपाटात डोळ्यांसमोर राहणारी पँथर ज्याला करावयाची आहे आणि तिच्यावर फवाऱ्याने मारलेल्या पट्ट्यांची धूसर कड ज्याला हवी आहे, त्याने एअरब्रश घ्यावा. ती धूसरता फोमने पुरती येत नाही. परंतु शंभराव्या हिश्शाचा रणगाडा, दिवाळीच्या किल्ल्यावरील मावळ्याप्रमाणे, दोन हातांवरून पाहावयाचा असतो, आणि तेवढ्या अंतरावरून त्याचा रंग कुंचल्याचा की यंत्राचा हे ओळखणारा परीक्षक क्वचितच भेटेल. त्याच्यासाठी पंप विकत घेऊ नये.