अदालत तीच, पत्ता नवा!

लाकडी कठड्यात बसलेला बडा पुढारी किंवा सिनेस्टार, समोर टाळ्या पिटणारे प्रेक्षक आणि हसतहसत चिमटे काढणारे 'वकील' रजत शर्मा. १९९३ साली झी टीव्हीवर 'आप की अदालत' सुरू झाली. दूरदर्शनवरच्या अदबशीर मुलाखतींची सवय असलेल्यांना हे आरोपपत्र भलतंच नवं होतं. पहिले आरोपी होते लालूप्रसाद यादव.

पुढे शर्मांनी झी सोडलं. कार्यक्रमाचं नाव मात्र मागेच राहिलं. तिथे मनोज रघुवंशी 'वकील' झाले. शर्मांनी स्टार प्लसवर 'जनता की अदालत' मांडली. प्रेक्षकांनी जायचं कुणामागे? नावामागे की माणसामागे?

मे २००४ मध्ये शर्मा आणि त्यांच्या पत्नी रितू धवन यांनी दिल्लीला खेटून असलेल्या नोएडातून 'इंडिया टीव्ही' ही स्वतःची वृत्तवाहिनी काढली. तिच्यावर 'आप की अदालत' जुन्याच नावानं परतली. शनिवारची रात्र पुन्हा गाजू लागली. २०१५ साली शर्मांना पद्मभूषण मिळालं.

पण आता वकील मालकही होता. एप्रिल २०१४ मध्ये, ऐन निवडणुकीत, नरेंद्र मोदी कठड्यात आले. प्रश्न मवाळ होते, अशी टीका झाली. वाहिनीचे संपादकीय संचालक कमर वहीद नक्वी यांनी त्यानंतर राजीनामा दिला. वाहिनीनं आक्षेप फेटाळले.

कार्यक्रमात निकाल द्यायला न्यायाधीश असतो. पण वकिलानंच कोर्ट बांधलं म्हटल्यावर लोक वकिलाचीही उलटतपासणी घेणारच!