होतकरू म्हणवून घेण्याचे ओझे

अंबरपेठेहून मूसी ओलांडली की मलकपेठेचे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान फार दूर नाही. सहावे निझाम मीर महबूब अलीखान यांच्या कारकिर्दीत, १८८६ साली, ते तेथे वसले. शर्यतींचा मोसम सुरू झाला की आमच्या भागातील इराणी हॉटेलांत चहाबरोबर घोड्यांच्या वंशावळीही चघळल्या जातात. शर्यतीवर आयुष्यात एक पैसाही न लावलेल्या माझ्यासारख्या शाळामास्तराच्याही कानांवर ते शब्द पडतात आणि त्यांतून एक गोष्ट माझ्या ध्यानी आली आहे. अनेकदा जिंकलेल्या घोड्याविषयी ही मंडळी शांतपणे बोलतात. त्यांचे डोळे चमकतात ते दोन-तीनदाच धावलेल्या एखाद्या बछेऱ्याचे नाव निघाले म्हणजे. ज्याने अद्याप काही मिळविलेले नाही, त्याच्यावरच माणसाची आशा सर्वांत अधिक जडते.

मलकपेठेच्या शर्यती सपाट मैदानावरच्या. इंग्लंड-आयर्लंडात मात्र हिवाळाभर घोडे अडथळ्यांवरून उड्या घेत धावतात. १७५२ साली आयर्लंडातील दोन गृहस्थांनी बटेव्हंट गावच्या चर्चपासून डोनरेल गावच्या चर्चपर्यंत, वाटेतील कुंपणे, भिंती आणि ओढे ओलांडीत घोडे पळविण्याची पैज लावली, अशी या खेळाची जन्मकथा सांगतात. चर्चचे उंच शिखर, म्हणजे ‘स्टीपल’, हीच दिशा दाखविणारी खूण. म्हणून त्या शर्यतीचे नाव ‘स्टीपलचेस’ पडले. या विद्येतला जाणता माणूस तरुण घोड्याला एकदम उंच कुंपणापुढे नेत नाही. आधी जमिनीवर आडवे टाकलेले दांडे, मग साडेतीन फुटांच्या आसपासचे, धक्का लागताच लवणारे ‘हर्डल’ आणि त्यांत पाय स्थिरावल्यानंतरच साडेचार फुटांची भक्कम कुंपणे, असा त्याचा क्रम असतो. प्रेक्षक मात्र पहिल्याच देखण्या उडीबरोबर त्या घोड्याला उद्याचा विजेता ठरवून मोकळे होतात.

पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील विद्यार्थी हीच शर्यत घोड्यांवाचून, स्वतःच्या पायांनी धावू लागले. १९०० साली ती ऑलिंपिकमध्ये आली आणि १९२० पासून तिचे अंतर ३००० मीटर ठरले. या अंतरात २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर. १०० किंवा ११० मीटरच्या शर्यतीतला हर्डल पाय लागला की आडवा होतो. स्टीपलचेसचा जाडजूड अडथळा जागचा हलत नाही, पडतो तो धावणारा.

या दुष्कर शर्यतीत ज्याने भारताचे नाव केले, तो आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानच्या मातीतला आहे, हे येथील मराठी वाचकांस सांगताना मला विशेष आनंद होतो. अविनाश साबळे हा बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा. १९५६ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. आपल्यापैकी कित्येकांची मूळ गावे त्याच पट्ट्यातली. १९९४ साली शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा सुमारे सहा किलोमीटरवरच्या शाळेत कधी चालत, कधी धावत जाई. त्या धावण्याला तेव्हा कोणी खेळ म्हटले नव्हते. बारावीनंतर तो लष्करात, महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचेनचा बर्फ आणि राजस्थानचे वाळवंट, दोन्ही ठिकाणी त्याने नोकरी केली. २०१५ च्या सुमारास लष्करी क्रॉसकंट्री शर्यतींत तो उतरला आणि तेथून स्टीपलचेसकडे वळला. ज्या वयात आपण मुलांना ‘आता काय होणार’ म्हणून मोडीत काढतो, त्या वयात त्याचा प्रारंभ झाला.

२०१८ साली भुवनेश्वर येथे त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ नोंदविली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासून टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. सदतीस वर्षांचा विक्रम! वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. अविनाश त्या दिवशी ‘होतकरू’ झाला. परंतु होतकरू ठरल्यानंतर काय घडले, ते आपण फारसे पाहत नाही. २०१९ साली दोहा येथील जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीतच दुसऱ्या धावपटूमुळे त्याला अडथळा झाला. भारताची तक्रार मान्य होऊन त्याला अंतिम फेरीत जागा मिळाली आणि तेथे तो तेरावा आला. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, त्याने ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला, तरीही अंतिम फेरी हुकली. स्वतःच्या आयुष्यातील सर्वोत्तम धाव घेऊनही घरी परतावे लागणे, याहून कठीण परीक्षा कोणती?

तो पुन्हा सरावाला लागला. १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत पुरुषांच्या स्टीपलचेसची तिन्ही पदके केनियाच्या धावपटूंनीच नेली होती. २०२२ साली बर्मिंगहॅम येथे अविनाशने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवून ती परंपरा खंडित केली. सुवर्णपदक केवळ ०.०५ सेकंदाने, म्हणजे पापणी लवण्याच्या आत, दूर राहिले. २०२३ साली हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आले. २०२४ च्या जुलैत पॅरिसला त्याची वेळ ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर उतरली आणि त्यानंतर महिनाभरातच ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. तेथे तो अकरावा आला.

वाचकांनी यातला हिशेब ध्यानात घ्यावा. २०१८ ते २०२४ या सहा वर्षांत त्याने जवळजवळ वीस सेकंद कमी केले, म्हणजे वर्षाला सरासरी साडेतीन सेकंदांहूनही थोडे कमी. जयघोष एका दिवसाचा होता. कष्ट त्या साडेतीन सेकंदांचे होते. २०२५ च्या जुलैत मोनॅको येथे पाण्याच्या अडथळ्यावर तो पडला. गुडघ्याला गंभीर दुखापत होऊन शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. ज्या पानांवर त्याची छायाचित्रे झळकली होती, तेथे आता दोन ओळींची बातमी पुरेशी झाली.

दरम्यान लोकांच्या आशेने दुसरे नाव शोधले होते. तेजस शिरसे हा पूर्वीच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला, म्हणजे तोही जुन्या हैदराबाद राज्याच्या मुलखातला. २०२४ च्या मे महिन्यात फिनलंडमधील युवॅस्क्युला येथे ११० मीटर हर्डल शर्यत १३.४१ सेकंदांत धावून त्याने सिद्धांत थिंगळाया याचा २०१७ मधील १३.४८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. तेव्हा त्याचे वय एकवीस-बावीस. या शर्यतीत दहा अडथळे, प्रत्येकाची उंची १०६.७ सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन फूट! तरुण घोड्याला ज्या उंचीवर शिकवितात, जवळजवळ तीच. पॅरिस ऑलिंपिकच्या थेट प्रवेशासाठी १३.२७ सेकंद आवश्यक होते. अंतर उरले ०.१४ सेकंदाचे. ‘विक्रम केला, पण ऑलिंपिक हुकले’ असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ निघाले. त्या अंतरासाठी किती वर्षे लागतात, ते साबळ्याच्या कहाणीने आपल्याला शिकवायला हवे होते.

हे सारे मी दुसऱ्यांना उपदेश करण्यासाठी लिहितो आहे, असे कोणी समजू नये. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली नववीत एक मुलगा होता. शाळेच्या आवारात विटांवर बांबू ठेवून आम्ही अडथळे करीत असू आणि तो त्यांवरून असा जाई की बांबूला वारासुद्धा लागू नये. जिल्हा स्पर्धेसाठी त्याची निवड झाली. प्रार्थनेच्या वेळी मी त्याला सर्वांपुढे उभा केला आणि ‘हा उद्या राज्याचे नाव काढील’ असे जाहीर करून टाकले. गल्लीत फलक लागला. रोज येता-जाता प्रत्येक शिक्षक त्याला विचारी, “काय, तयारी कुठवर?” स्पर्धेच्या दिवशी तिसऱ्या अडथळ्याला त्याचा पाय अडकला. खरचटण्यापलीकडे काही लागले नाही. पण तो पुन्हा मैदानावर आला नाही. मी एक-दोनदा बोलावले आणि मग, खरे सांगायचे तर, विसरून गेलो.

पुढे एका लग्नात तो भेटला. नोकरी, संसार, सारे व्यवस्थित होते. त्याने वाकून नमस्कार केला. बोलता बोलता मी तो दिवस काढला, तेव्हा तो हसून म्हणाला, “सर, त्या दिवशी मला अडथळे दिसतच नव्हते. तुमचीच तोंडे दिसत होती.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते वाक्य मला आजही टोचते.

मुलाचे कौतुक करू नये, असे माझे म्हणणे नाही. कौतुकावाचून मूल वाढत नाही, हे मास्तरांस सांगावे लागत नाही. परंतु केलेल्या कामाचे कौतुक वेगळे आणि न केलेल्या पराक्रमाची आगाऊ पावती वेगळी. पहिल्याने पायांत बळ येते; दुसरीचे देणे त्या मुलाला जन्मभर फेडावे लागते.

अलीकडे आमच्या शाळेतल्या एका मुलीची उडी चांगली पडते, असे खेळाच्या शिक्षकांनी मला सांगितले. मी प्रार्थनेच्या वेळी काहीच बोललो नाही. संध्याकाळी मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. तिने एक फेरी पूर्ण केली, धापा टाकीत माझ्याकडे पाहिले. मी एवढेच म्हटले, “बाळ, पाणी पी, आणि उद्या वेळेवर ये.”